शाळा समुद्रात कशी गेली?

रस्ता खणण्याचे काम तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. जमिनीखालचा पाण्याचा नळ कुठेतरी फुटलेला असतो. घरोघरच्या तोट्या कोरड्या पडलेल्या असतात आणि चार माणसे कुदळ-फावडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात. एक जण म्हणतो, "नळ इथून जातो." दुसरा म्हणतो, "छे, तो त्या खांबाच्या पलीकडून गेला आहे." अखेर एक खड्डा खणतात. तिथे नळ सापडत नाही. मग शेजारी दुसरा खणतात. तिथे काहीतरी सापडते खरे. पण ती निघते विजेची केबल! कुदळीचा घाव तिच्यावर बसला तर मग पाणीही नाही आणि दिवेही नाहीत. माणसाच्या जिवावर बेतते ते वेगळेच.

आश्चर्य वाटेल, पण अशा नळाचा आराखडा बहुधा कचेरीत असतो. नळाचा व्यास किती, तो भिंतीपासून किती दूर, झडप कुठे, वळण कुठे, हे सारे त्यात मिलिमीटरपर्यंत दाखवलेले असते. मग अडते कुठे? अडते ते इथेच, की नळ भिंतीपासून किती दूर आहे हे आराखड्याला ठाऊक असते, पण ती भिंत पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते. आराखड्याला त्याची पृथ्वीवरची खरी जागा नेमून देणे, या कामाला भूसंदर्भन म्हणतात. इंग्रजीतले 'जिओरेफरन्सिंग' ते हेच. यातले मुख्य गणित तुम्हाला वहीवर करता येईल इतके सोपे आहे. ते कसे, ते आज आपण पाहू.

आराखडा वेगळा, नकाशा वेगळा

पूर्वी इमारतींचे आराखडे ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर आणि गुण्या घेऊन काढत. आता ते संगणकावर काढतात. या पद्धतीला कॅड म्हणतात. 'ऑटोकॅड' हा तिच्यातला प्रसिद्ध कार्यक्रम १९८२ साली बाजारात आला. कॅडमध्ये प्रत्येक रेघ म्हणजे दोन बिंदू आणि प्रत्येक बिंदू म्हणजे दोन संख्या. आलेख कागदावर तुम्ही क्ष आणि य मोजून बिंदू मांडता ना, अगदी तसेच.

पण आलेख कागदावर आरंभबिंदू कुठे घ्यायचा हे तुम्हीच ठरवता. आराखडा काढणाराही तेच करतो. शाळेचा आराखडा काढायचा असेल तर तो इमारतीच्या एका कोपऱ्याला (०, ०) म्हणतो. इमारतीची लांब भिंत सोयीसाठी आडव्या रेघेवर घेतो, मग ती प्रत्यक्षात ईशान्येकडे गेलेली का असेना! आणि मापे बहुधा मिलिमीटरमध्ये घेतो. म्हणजे या आराखड्याचा आरंभबिंदू त्याच्या घरचा, दिशा त्याच्या घरची आणि मोजपट्टीही त्याच्या घरची. इमारत बांधायला एवढे पुरते. गवंड्याला खिडकी भिंतीत कुठे येते ते हवे असते. ती पृथ्वीच्या कोणत्या रेखांशावर येते याच्याशी त्याला काय करायचे?

नकाशाचे तसे नसते. एकाच नकाशावर शाळा, रस्ता, नदी, नळ आणि शेजारचे गाव अशा सगळ्यांना नांदायचे असते. म्हणून सगळ्यांची मोजणी एकाच आरंभबिंदूपासून, एकाच दिशेला धरून आणि एकाच मापात व्हावी लागते. संगणकावर नकाशे हाताळणारे कार्यक्रमही असतात. 'क्यूजीआयएस' नावाचा असा एक कार्यक्रम तर कोणालाही मोफत मिळतो. या कार्यक्रमात रस्त्यांचा नकाशा, उपग्रहाचे छायाचित्र आणि आपल्या शाळेचा आराखडा एकावर एक ठेवायचे, तर आराखड्याने आपली घरची भाषा सोडून नकाशाची भाषा बोलली पाहिजे.

संत्र्याच्या साठ फोडी

नकाशाची भाषा कोणती? तुम्ही चटकन म्हणाल, "अक्षांश आणि रेखांश." बरोबर. पण इथे एक अडचण आहे. अक्षांश-रेखांश अंशात असतात आणि आराखडा लांबीच्या मापात. बरे, एक अंश म्हणजे किती मीटर, तर तेही सगळीकडे सारखे नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो, पुण्यापाशी तो सुमारे साडेएकशेपाच किलोमीटर होतो आणि ध्रुवावर तर शून्य! म्हणून गोल पृथ्वीचा भाग आधी सपाट कागदावर उतरवून घ्यावा लागतो. यालाच प्रक्षेपण म्हणतात.

संत्र्याची साल एकसंध ठेवून ती टेबलावर सपाट करता येत नाही, ती फाटतेच. पण सालीची एक अरुंद फाक घेतली तर ती जवळजवळ सपाट पसरते. नकाशाशास्त्रज्ञांनी हीच युक्ती केली. पृथ्वीच्या प्रत्येकी ६ अंश रुंदीच्या ६० फाकी पाडल्या आणि प्रत्येक फाक निराळी सपाट केली. या पद्धतीला 'युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर' किंवा थोडक्यात यूटीएम म्हणतात. फाकींना पट्टे म्हणू. १८० अंश पश्चिम रेखांशापासून पूर्वेकडे मोजत आले की ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३वा पट्टा येतो आणि ७८ ते ८४ अंश हा ४४वा. मुंबई, पुणे, कोल्हापूर, अमरावती ४३व्या पट्ट्यात आहेत. यवतमाळ आणि नागपूर ४४व्या.

प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक रेखावृत्त असते. ४३व्या पट्ट्यात ते ७५ अंशांचे. या मधल्या रेषेला पूर्वेचा आकडा ५,००,००० मीटर असा मुद्दाम दिलेला आहे. त्यामुळे रेषेच्या पश्चिमेला असलेल्या गावांनाही ऋण संख्या येत नाही. उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात. पुण्यातल्या एखाद्या जागेचे आकडे मग साधारण असे येतात: पूर्व ३,७९,६०० मीटर, उत्तर २०,४८,४०० मीटर. म्हणजे ती जागा मधल्या रेषेच्या सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या सुमारे २,०४८ किलोमीटर उत्तरेला आहे. झाले! आता नकाशाही मीटरमध्ये बोलू लागला.

शाळा समुद्रात!

आता समजा, पुण्यातल्या एका शाळेचा आराखडा आपण तसाच उचलून नकाशाच्या कार्यक्रमात टाकला आणि ४३वा पट्टा निवडला. शाळा कुठे दिसेल? आराखड्यातला कोपरा (०, ०) आहे. नकाशाच्या दृष्टीने याचा अर्थ, उत्तर शून्य म्हणजे विषुववृत्तावर. आणि पूर्व शून्य म्हणजे मधल्या रेषेच्या ५०० किलोमीटर पश्चिमेला. तो बिंदू साडेसत्तर अंश रेखांशाच्या आसपास, मालदीव बेटांच्या पश्चिमेस, भर हिंदी महासागरात येतो. आपली शाळा घंटा, फळे आणि मुलांसकट पाण्यात!

गंमत एवढ्यावर संपत नाही. शाळेची भिंत ५० मीटर लांब आहे. आराखड्यात ती ५०,००० मिलिमीटर अशी काढली आहे. संगणकाला एकक कोण सांगणार? तो बापडा ५०,००० मीटर समजतो. म्हणजे भिंत झाली ५० किलोमीटरची. पुण्याहून निघून जवळजवळ लोणावळ्याला पोचणारी! आणि आराखड्यात भिंत आडवी असल्यामुळे ती सरळ पूर्व-पश्चिम पसरलेली.

पाहा, तीन चुका झाल्या. जागा चुकली, आकार चुकला आणि दिशा चुकली. म्हणजे दुरुस्त्याही तीनच: आराखडा सरकवायचा, लहान-मोठा करायचा आणि फिरवायचा. भूसंदर्भन म्हणजे मुख्यतः या तीन क्रिया.

दोन टाचण्यांचा प्रयोग

या तीन क्रियांसाठी किती माहिती लागते? हे समजायला एक प्रयोग करा. ट्रेसिंग कागदावर तुमच्या शाळेचा आराखडा काढा आणि तो गावाच्या नकाशावर ठेवा. आराखड्यातला एक कोपरा नकाशातल्या त्याच कोपऱ्यावर आणा आणि तिथे टाचणी टोचा. आता कागद हलवून पाहा. तो सरकत नाही, पण टाचणीभोवती गरगर फिरतो. म्हणजे एका बिंदूने जागा पक्की झाली, दिशा नाही. आता दूरचा दुसरा कोपरा नकाशावरच्या त्याच्या जोडीदारावर आणून तिथेही टाचणी टोचा. कागद घट्ट बसला!

पण दुसरी टाचणी टोचताना कदाचित असे दिसेल की आराखड्यातले दोन कोपरे नकाशावरच्या कोपऱ्यांपेक्षा जवळ किंवा दूर आहेत. कागद ताणता येत नाही, संगणकातला आराखडा मात्र येतो. दोन्ही अंतरांचे गुणोत्तर काढले की किती पट लहान-मोठा करायचा तेही कळते. म्हणजे दोन बिंदू मिळाले की तिन्ही प्रश्न सुटले. या बिंदूंना नियंत्रण बिंदू म्हणतात. आराखड्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे ते निःशंकपणे ओळखता आले पाहिजेत. इमारतीचा कोपरा, कुंपणाचा दगडी खांब, विहिरीचा कठडा हे चांगले. झाडाचा शेंडा किंवा पायवाटेचे वळण नको.

आता गणित

समजा, आपल्या शाळेच्या आराखड्यात क हा कोपरा (०, ०) आहे आणि ख हा कोपरा (५०,०००, ०) आहे. आपण जमिनीवर जाऊन यंत्राने मोजले, तेव्हा दोघांचे नकाशातले आकडे असे आले:

क : पूर्व ३,७९,६०० — उत्तर २०,४८,४००
ख : पूर्व ३,७९,६४० — उत्तर २०,४८,४३०

क पासून ख पर्यंत जाताना आपण ४० मीटर पूर्वेला आणि ३० मीटर उत्तरेला गेलो. सरळ अंतर किती? पायथागोरसला विचारा. ४० चा वर्ग १,६००, ३० चा वर्ग ९००, बेरीज २,५०० आणि वर्गमूळ ५०. आराखड्यात हेच अंतर ५०,००० आहे. म्हणजे आराखड्यातला प्रत्येक आकडा १,००० ने भागायचा. माप मिलिमीटरमध्ये होते याचा पुरावाच मिळाला!

आता दिशा. क्ष रेषेवर ५० मीटर चालले की ४० मीटर पूर्व आणि ३० मीटर उत्तर सरकतो. म्हणून १ मीटर चालले की ०.८ मीटर पूर्व आणि ०.६ मीटर उत्तर. य रेषा क्ष रेषेला काटकोनात, डावीकडे वळलेली असते. तिच्यावर १ मीटर चालले की ०.६ मीटर पश्चिम आणि ०.८ मीटर उत्तर सरकतो. हे पटत नसेल तर चौकटीच्या कागदावर काढून पाहा.

हे सगळे एकत्र लिहिले की सूत्र तयार:

पूर्व = ३,७९,६०० + ०.०००८ × क्ष − ०.०००६ × य
उत्तर = २०,४८,४०० + ०.०००६ × क्ष + ०.०००८ × य

आता आराखड्यातला कोणताही बिंदू जमिनीवर शोधा. पाण्याची झडप आराखड्यात (१०,०००, ३०,०००) इथे आहे. म्हणजे क्ष रेषेवर १० मीटर: ८ पूर्व, ६ उत्तर. य रेषेवर ३० मीटर: १८ पश्चिम, २४ उत्तर. एकूण क पासून १० मीटर पश्चिम आणि ३० मीटर उत्तर. झडपेची जागा झाली पूर्व ३,७९,५९०, उत्तर २०,४८,४३०. हे आकडे मोजणीच्या यंत्रात घालून त्या जागी गेले की तिथेच खणायचे. अंदाज नाही, वादावादी नाही.

आराखड्यात हजारो रेघा असल्या तरी सूत्र हेच. संगणक ते प्रत्येक बिंदूला लावतो आणि क्षणार्धात साऱ्या शाळेला समुद्रातून उचलून पुण्यात आणतो.

तिसरा बिंदू: तपासनीस

इथे एक धोका आहे. दोन बिंदू घेऊन काढलेले सूत्र त्या दोन बिंदूंशी नेहमीच तंतोतंत जुळते. अगदी बिंदू चुकीचे ओळखले असले तरी! स्वतः काढलेला पेपर स्वतःच तपासण्यासारखे ते आहे. म्हणून तिसरा बिंदू हवाच, आणि तो सूत्र काढताना वापरायचा नाही.

समजा, ग हा कोपरा आराखड्यात (५०,०००, २०,०००) आहे. सूत्राने त्याची जागा येते पूर्व ३,७९,६२८, उत्तर २०,४८,४४६. प्रत्यक्ष मोजणीत मिळाले पूर्व ३,७९,६२८.३, उत्तर २०,४८,४४५.६. फरक पूर्वेला ०.३ आणि उत्तरेला ०.४, म्हणजे सरळ अंतर ०.५ मीटर. याला उर्वरित त्रुटी म्हणतात.

अर्धा मीटर चूक चालेल का? ते कामावर अवलंबून आहे. शाळा गावाच्या कोणत्या भागात आहे एवढेच दाखवायचे असेल तर खुशाल चालेल. पण केबलच्या शेजारी खणायचे असेल तर मुळीच नाही. मग कारण शोधावे लागते. कदाचित मोजताना चूक झाली असेल. कदाचित बांधताना भिंत थोडी सरकवली गेली असेल आणि आराखडा मात्र तसाच राहिला असेल. हे पुष्कळदा घडते. म्हणून काम संपल्यावर, जसे बांधले तसा आराखडा पुन्हा काढून ठेवतात. गणित चुकलेला आराखडा दुरुस्त करू शकत नाही. तो चुकला आहे एवढे मात्र सांगू शकते.

बिंदू जास्त असले तर आणखी चांगले. पण मग एकच सूत्र सर्वांशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी सगळ्या त्रुटींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सूत्र निवडतात. ही लघुतम वर्गांची पद्धत फ्रेंच गणिती लझांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. महान गणिती गाउस यांनीही ती वापरली होती. त्यांनी पुढे हॅनोव्हर राज्याच्या भूमापनाचे कामही केले, हे विशेष.

बिंदू दूर दूर का घ्यायचे?

दोन टाचण्या अगदी जवळ टोचून पाहा. कागदाचा दूरचा कोपरा अजून हलतो, नाही का? गणितही तेच सांगते. नियंत्रण बिंदू एकमेकांपासून ५ मीटरवर आहेत आणि त्यातला एक १० सेंटिमीटरने बाजूला चुकला असे समजा. मग १०० मीटर दूर गेल्यावर तीच चूक वीसपट, म्हणजे २ मीटर होते. बिंदू १०० मीटर अंतरावर असते तर तिथेही चूक १० सेंटिमीटरच राहिली असती. म्हणून बिंदू आराखड्याच्या कडांना, चारी दिशांना पसरलेले घ्यावेत. सारे एका रेषेतही नकोत.

हे बिंदू खिशातल्या फोनने मोजता येतील का? मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. वाट शोधायला ते पुष्कळ झाले. पण ५० मीटरच्या इमारतीसाठी ते मोजमाप फार ढोबळ होय. भूमापन करणारे खास यंत्र वापरतात. ते उपग्रहांच्या संदेशांबरोबरच, ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे अशा स्थानकाशी ताडून पाहते. त्याने काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते.

आराखड्यावर उत्तर दाखवणारा बाण असतो. त्यावरून दिशा घेतली तर? तेही धोक्याचे. तो बाण पुष्कळदा अंदाजाने काढलेला असतो. होकायंत्राची उत्तर, ध्रुवाकडची खरी उत्तर आणि यूटीएम नकाशावरची उभी रेघ या तिन्ही दिशा थोड्या थोड्या वेगळ्या असतात. पुण्यात खरी उत्तर आणि नकाशाची उभी रेघ यांत अंशाच्या एक-तृतीयांशाहून थोडा जास्त फरक आहे. किती किरकोळ! पण १०० मीटरवर त्याने सुमारे ६० सेंटिमीटरचा फरक पडतो. पूर्ण एका अंशाची चूक असेल तर पावणेदोन मीटर. आपला खड्डा नळाच्या बाजूलाच जायचा.

नकाशाचे नाव-गाव विचारा

आराखडा बसवताना संगणक विचारतो, "तुमचे आकडे कोणत्या पद्धतीतले?" इथे घाईने काहीतरी उत्तर दिले की गोंधळ होतो. नागपूरच्या एखाद्या इमारतीचे आकडे ४४व्या पट्ट्यातले असतात. ते ४३व्या पट्ट्याचे आहेत असे चुकून सांगितले, तर इमारत बरोबर ६ अंश पश्चिमेला जाते. ती कुठे पडते, ठाऊक आहे? गुजरातेत, बारडोलीजवळ! संख्या एकच, पण पट्टा बदलला की गाव बदलते.

दुसरा फसवा प्रकार आंतरजालावरच्या नकाशांचा. फोनवर दिसणारे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या एका प्रकारावर काढलेले असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तशी प्रत्येक गोष्ट मोठी दिसते. त्या प्रक्षेपणाच्या मीटरमध्ये मोजले तर पुण्यातली १०० मीटरची भिंत सुमारे १०५ मीटर भरते आणि लंडनमधली १०० मीटरची भिंत तब्बल १६० मीटर! म्हणून आराखडा बसवायला हे प्रक्षेपण घेऊ नये. यूटीएममध्येही किंचित फरक असतोच. ७५ अंशांच्या मधल्या रेषेवर जमिनीवरचा १ किलोमीटर नकाशात ९९९.६ मीटर दिसतो. शाळेपुरता हा फरक क्षुल्लक आहे, म्हणून वरच्या गणितात आपण तो सोडून दिला. लांबलचक रस्त्याचा किंवा कालव्याचा आराखडा असेल तर मात्र तो धरावा लागतो.

तिसरी खबरदारी जुन्या नकाशांची. भारताचे मोठे त्रिकोणमितीय सर्वेक्षण लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केले. पुढे ते एव्हरेस्ट यांनी चालवले. पृथ्वी म्हणजे नेमका चेंडू नव्हे. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तिचा आकार किती, याचे एव्हरेस्ट यांनी १८३० साली आकडे काढले आणि भारताचे नकाशे दीर्घकाळ त्या आकारावर आधारलेले राहिले. आज उपग्रहांच्या साहाय्याने जागा ठरवताना डब्ल्यूजीएस ८४ नावाचा आकार वापरतात. एव्हरेस्टच्या आकाराची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, तर नव्याची ६३,७८,१३७ मीटर. शिवाय दोन्ही आकार पृथ्वीवर जरा वेगवेगळे बसवलेले. त्यामुळे जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश तसेच नव्या नकाशावर मांडले तर महाराष्ट्रात जागा साधारण शंभर मीटरच्या घरात चुकते. एव्हरेस्टचे काम वाईट होते असे नव्हे. ते विलक्षण होते. फक्त दोन्ही नकाशांची भाषा निराळी आहे हे विसरता कामा नये.

उंचीही विसरू नका

आतापर्यंत आपण डावी-उजवी बाजू पाहिली. वर-खालीही हाच प्रश्न असतो. आराखड्यात शाळेच्या तळमजल्याची उंची बहुधा ०.०० लिहिलेली असते. पण ती समुद्रसपाटीपासून किती? आणि कोणत्या समुद्राच्या?

तुम्ही हसाल, पण या प्रश्नाने एका पुलाला अडवले होते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर ऱ्हाइन नदीकाठी लाउफेनबुर्ग नावाचे गाव आहे. तिथे दोन्ही देशांनी आपापल्या काठावरून एकाच पुलाचे काम सुरू केले. जर्मनीत उंची उत्तर समुद्रावरून मोजतात, स्वित्झर्लंडमध्ये भूमध्य समुद्रावरून. या दोन मोजण्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांनी तो हिशेबातही धरला. पण मिळवायच्या जागी वजा केला! २००३ साली ध्यानात आले की दोन्ही बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक पडला आहे. एका बाजूचे काम दुरुस्त करावे लागले. बेरीज-वजाबाकीच्या चिन्हाकडे लक्ष द्या असे गुरुजी सांगतात, ते उगीच नव्हे.

करून पाहा

आता थोडे काम तुमच्यासाठी. चार मित्र-मैत्रिणी मिळून टेपने शाळेची इमारत आणि मैदान मोजा. १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर असे प्रमाण घेऊन आराखडा ट्रेसिंग कागदावर काढा. त्याच प्रमाणात शाळेच्या परिसराचा नकाशा किंवा उपग्रहाचे चित्र छापून मिळवा. शिक्षक यात मदत करतील. दूरचे दोन कोपरे टाचण्यांनी जुळवा आणि मग तिसरा, चौथा कोपरा किती चुकतो ते मोजपट्टीने पाहा. १ मिलिमीटर चूक म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. नंतर टाचण्या जवळ टोचून पुन्हा पाहा. चूक वाढली का?

आणि हे एक छोटे उदाहरण. आपल्या वरच्या शाळेच्या आराखड्यात एका विजेच्या खांबाची जागा (२०,०००, १०,०००) आहे. त्याचे नकाशातले आकडे काढा. उत्तर येईल पूर्व ३,७९,६१०, उत्तर २०,४८,४२०. आता आराखड्यात आणि नकाशात, दोन्हीकडे क पासून खांबापर्यंतचे अंतर मोजा. दोन्ही सारखेच येईल, सुमारे २२.३६ मीटर. का बरे? कारण आपण आराखडा सरकवला, फिरवला आणि त्याचे एकक बदलले. पण त्याचा आकार कुठेही वाकडा केला नाही. शाळा होती तशीच राहिली. फक्त तिला आपला पत्ता मिळाला.

यापुढे रस्त्यावर कुणी खणताना दिसले, तर तुम्ही जाऊन विचारू शकाल, "काका, आराखडा नकाशावर बसवून घेतला आहे ना?" आणि हो म्हणाले, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा, "तिसऱ्या बिंदूने तपासून पाहिला का?"